मडमधल्या उपद्रवी खेळाडूवर साइट-बॅन: कोणत्या क्रमाने, किती रुंद, किती दिवस

मड (अनेकांनी मिळून खेळायचा मजकुराचा ऑनलाइन खेळ) चालवणाऱ्यांची पहिली साइट-बॅन, म्हणजे एखाद्या इंटरनेट पत्त्यावरून येणाऱ्यांवर घातलेली बंदी, बहुधा रागात लावलेली असते. रात्री दीड वाजता कुणीतरी चौथ्यांदा नवं कॅरेक्टर काढून गॉसिप या सार्वजनिक गप्पांच्या चॅनेलवर घाण ओततो. जागा असलेला एकुलता एक अ‍ॅडमिन वैतागतो, आयपी पत्त्याचे शेवटचे दोन आकडे गाळतो आणि अख्ख्या इंटरनेट कंपनीलाच दार लावतो. ज्याच्यासाठी हे केलं तो मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून पाच मिनिटांत परत येतो. त्या कंपनीचं कनेक्शन घेतलेले बाकीचे खेळाडू मात्र येत नाहीत.

मी हे स्वतः केलं आहे. सर्कलमड या मड चालवण्याच्या सॉफ्टवेअरवरच्या एका परदेशी खेळात मी स्वयंसेवक अ‍ॅडमिन होतो, तेव्हा एका केबल कंपनीचा मोठा पट्टा (सलग पत्त्यांचा गट) ‘ऑल’ प्रकाराने, म्हणजे सगळ्यांसाठी, बंद केला. आमची एक जुनी खेळाडू त्याच पट्ट्यात होती. ती अंध आहे आणि स्क्रीन रीडर लावून खेळते. सर्कलमडमध्ये ‘ऑल’ बंदी असली की सर्व्हर एक ओळही न दाखवता कनेक्शन तोडतो, त्यामुळे तिला वाटलं की खेळच कायमचा बंद पडला. आमच्याशी बोलायची तिची एकमेव जागा खेळाच्या आत होती. अकरा दिवसांनी दुसऱ्या एका खेळाडूमार्फत निरोप आला तेव्हा मला कळलं. खाली दिलेला क्रम त्या अकरा दिवसांनंतर बसवला, आणि तेव्हापासून एकदाही मोडलेला नाही.

एक खुलासा आधीच. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायच्या. उदाहरणातले २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते फक्त कागदपत्रांतल्या उदाहरणांसाठी राखीव आहेत, कुणाच्याही घरचे नाहीत.

## १. साइट-बॅनच्या आधीच्या पायऱ्या झाल्या का?

साइट-बॅन माणसाला लागत नाही, तारेला लागते. म्हणून माणसाला थेट लागणारे उपाय आधी करून संपवायचे.

बडबड असेल तर ‘म्यूट’. एकाच कॅरेक्टरचा उपद्रव असेल तर सर्कलमडमध्ये ‘फ्रीझ’, रॉममध्ये ‘डिनाय’, एव्हेनियात नावावर ‘बॅन’ (रॉम आणि एव्हेनिया हीही मड चालवण्याचीच सॉफ्टवेअर). या सगळ्यांत कॅरेक्टर किंवा खातं अडतं, पत्त्याला हात लागत नाही. माणूस पुन्हापुन्हा नवी कॅरेक्टर काढत असेल तर थोडा वेळ नवी नोंदणीच थांबवा: सर्कलमडमध्ये ‘विझलॉक १’, रॉममध्ये ‘न्यूलॉक’, एव्हेनियात नवी खाती उघडण्याची सेटिंग बंद. जुने खेळाडू बिनघोर खेळत राहतात. तीस-चाळीस माणसांच्या मडमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ नवं कुणी आलं नाही, तर काही बिघडत नाही.

माझ्या अनुभवात बऱ्याच उपद्रवी लोकांना एवढं पुरतं. त्यांना प्रेक्षक हवा असतो. दार बंद दिसलं की तासाभरात ते दुसरीकडे जातात.

सावधान: ‘विझलॉक’ला १ च द्या. त्यापेक्षा मोठा आकडा दिलात तर त्या लेव्हलच्या खालचे जुने खेळाडूही बाहेर राहतात.

सावधान: प्रकरण धमकीचं, पाठलागाचं किंवा लहान मुलांशी गैरवर्तनाचं असेल तर ते बॅनने मिटवायचं नाही. लॉग जपून ठेवा आणि पोलिसांकडे जा. भारतात राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार ऑनलाइन नोंदवता येते. बंदी त्यानंतरही घालता येईल, पण गेलेला लॉग परत मिळत नाही.

## २. पुरावा आधी बाजूला काढा

सर्कलमडची ऑटोरन स्क्रिप्ट प्रत्येक रीबूटला सिस्टीम लॉग एक घर मागे ढकलते आणि शेवटचे काहीच ठेवते. रात्रीत खेळ वारंवार क्रॅश झाला, तर सकाळी तुमचा पुरावा गेलेला असू शकतो. म्हणून गोंधळ दिसताक्षणी त्या दिवसाच्या लॉगची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये टाका.

त्यातून या गोष्टी एका साध्या मजकूर फाइलीत उतरवा:

– कॅरेक्टरची सगळी नावं, आणि प्रत्येक नाव कोणत्या पत्त्यावरून आलं
– वेळ, सेकंदापर्यंत, आणि सर्व्हरचं घड्याळ कोणत्या टाइमझोनमध्ये आहे ते
– शक्य असेल तर कनेक्शनचा सोर्स पोर्ट (खेळाडूच्या बाजूचा पोर्ट क्रमांक)
– नेमकं काय बोलला किंवा केलं, त्याच्याच शब्दांत

सोर्स पोर्ट अनेकांना निरुपयोगी वाटतो. पण आज एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो ग्राहक असू शकतात, आणि त्यांतला नेमका कोण हे कंपनीला पोर्ट आणि वेळ यांवरूनच शोधता येतं. मूळ सर्कलमड पोर्ट नोंदवत नाही. नवं कनेक्शन स्वीकारणाऱ्या फंक्शनमध्ये एक ओळ वाढवली की काम होतं. हे शांत दिवशी करून ठेवा.

टाइमझोनची चूक तर फारच सरसकट. सर्व्हर जर्मनीत, अ‍ॅडमिन पुण्यात, खेळाडू टेक्सासात. प्रत्येक जण आपापल्या घड्याळाने बोलतो. नोंद यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा केले की यूटीसी मिळते.

## ३. दिसतोय तो पत्ता खरंच त्याचाच आहे का?

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं फुकट जातं. तीन ठिकाणी फसगत होते.

पहिलं ठिकाण वेब क्लायंट. ब्राउझरमधून खेळणारे लोक तुमच्याच सर्व्हरवरच्या प्रॉक्सीतून (मधल्या दुव्यातून) आत येतात, आणि सेटिंग चुकलेली असेल तर ते सगळे १२७.०.०.१ या एकाच पत्त्यावर दिसतात. तो पत्ता बंद केलात तर ब्राउझरवाले सगळे खेळाडू एका फटक्यात बाहेर जातात. एव्हेनियात ‘अपस्ट्रीम आयपीज’ या सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता दिला की खेळाडूचा खरा पत्ता मिळतो. इतर कोडबेसमध्ये (मडच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रॉक्सीने पुढे पाठवलेला ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ हेडर वाचण्याची सोय तुम्हालाच करावी लागते. तो हेडर फक्त तुमच्या स्वतःच्या प्रॉक्सीकडून आला तरच खरा माना. बाहेरच्या कुणालाही तो हवा तसा बनवता येतो.

दुसरं ठिकाण म्हणजे अनेक मडना सामाईक असलेली वेब-पोर्टलं. तिथून येणारे सगळे त्या पोर्टलच्या पत्त्यावरच दिसतात.

तिसरं ठिकाण नावाचं आहे, आणि सर्कलमडवाल्यांना ते सगळ्यात जास्त छळतं. कनेक्शन आलं की सर्कलमड त्या आयपीचं होस्टनेम, म्हणजे त्या आकड्यांना दिलेलं नाव, शोधतो. नाव सापडलं तर ते नावच साठवतो, आकडे विसरतो. बंदी तपासताना मग तुमचे आकडे त्या नावाशी ताडून पाहिले जातात आणि जुळत नाहीत. ‘बॅन लावला तरी तो आत येतोच’ ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. भरीला होस्टसाठी जागा फक्त ३० अक्षरांची आहे. कंपन्यांची डायनॅमिक नावं लांबलचक असतात. शेपटीला असलेलं कंपनीचं डोमेन नेमकं कापलं जातं, आणि तुम्ही त्या डोमेनवर बंदी घालून वाट पाहत बसता.

उपाय साधा आहे. कॉन्फिगमधला ‘नेमसर्व्हर इज स्लो’ हा पर्याय ‘येस’ करा. मग नाव शोधणं थांबतं, सगळीकडे आकडेच दिसतात आणि बंदीही आकड्यांवरच चालते. मी सगळ्यांना हेच सुचवतो.

तपासा: ‘यूझर्स’ (रॉममध्ये ‘सॉकेट्स’) चालवा. दोनपेक्षा जास्त असंबंधित खेळाडू एकाच पत्त्यावर दिसत असतील, तर थांबा आणि कारण शोधा.

## ४. पत्ता कुणाचा, आणि तो पट्टा केवढा

आता हू-इज (पत्ता कुणाच्या नावे नोंदला आहे ते सांगणारी सेवा) लावा. जगातले पत्ते पाच प्रादेशिक नोंदणी संस्था वाटतात: आरिन, राइप, एपनिक, लॅकनिक आणि आफ्रिनिक. भारतातलं वाटप एपनिकच्या छत्राखाली इरिन पाहते. उत्तरात तीन गोष्टी शोधा: पट्ट्याची सुरुवात आणि शेवट, नेटवर्कचं नाव, आणि गैरवापराची तक्रार करायचा ईमेल.

त्यानंतर तो पत्ता कोणत्या स्वायत्त नेटवर्कमधून, म्हणजे कोणत्या एएस क्रमांकाखालून जाहीर होतो ते पाहा. टीम किमरूची मोफत हू-इज सेवा एका ओळीत क्रमांक आणि प्रत्यक्ष जाहीर झालेला पट्टा सांगते. हा पट्टा नोंदणीतल्या पट्ट्यापेक्षा बऱ्याचदा लहान असतो, आणि आपल्याला तोच उपयोगी.

एवढ्यावरून पत्त्याची जात ठरवा. पुढचे निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

घरगुती ब्रॉडबँड. पत्ता काही दिवस किंवा महिने टिकतो. एकट्या पत्त्यावरची बंदी इथे बरी चालते.

मोबाइल नेटवर्क. जिओ, एअरटेलसारख्या कंपन्या आयपीव्ही४ वर कॅरियर-ग्रेड नॅट वापरतात: खूप ग्राहक, थोडे सार्वजनिक पत्ते. फोनचा फ्लाइट मोड चालू-बंद केला तरी पत्ता बदलू शकतो. इथे एकटा पत्ता बंद करणं म्हणजे गर्दीतल्या अनोळखी माणसाच्या पाठीत रट्टा घालण्यासारखं आहे.

होस्टेल, कॉलेज, ऑफिस. एका पत्त्यामागे सगळी इमारत. इथे संस्थेच्या नेटवर्क विभागाला लिहिलेलं पत्र बॅनपेक्षा जास्त काम करतं.

डेटा सेंटर किंवा व्हीपीएन. डिजिटलओशन (एएस १४०६१), ओव्हीएच (एएस १६२७६), हेट्झनर (एएस २४९४०) ही नावं दिसली तर माणूस बहुधा भाड्याच्या सर्व्हरवरून येतोय. असे पट्टे बंद करणं तुलनेने कमी नुकसानीचं. तरी जुने मडवाले टिनटिन हा मड-क्लायंट टीमक्समध्ये चालू ठेवून स्वतःच्या भाड्याच्या सर्व्हरवरूनच वर्षानुवर्षं खेळतात, हे विसरू नका. काही देशांत तर व्हीपीएनशिवाय तुमच्यापर्यंत पोचताच येत नाही.

टॉर, म्हणजे खरा पत्ता लपवणारं जाळं. टॉर प्रकल्प स्वतःच बाहेर पडण्याच्या नोडची यादी प्रसिद्ध करतो. तीच वापरा, अंदाजाने पत्ते गोळा करू नका.

## ५. त्या दारामागे आपलं कोण राहतं?

माझ्या मते सगळ्या लेखातली ही एक पायरी पाळली तरी निम्म्या चुका टळतील. आणि गंमत अशी की हिला दहा मिनिटंही लागत नाहीत.

सर्कलमडचा लॉग प्रत्येक प्रवेशाला ‘अमुक, चौकोनी कंसात पत्ता, हॅज कनेक्टेड’ अशी ओळ लिहितो. नव्या खेळाडूसाठी ‘न्यू प्लेअर’ अशी ओळ असते. ज्या पट्ट्यावर बंदी घालायचा विचार आहे त्याचे सुरुवातीचे आकडे घेऊन सगळ्या जुन्या लॉगमध्ये ग्रेप करा (त्या आकड्यांच्या ओळी शोधा), नावं वेगळी काढा, प्रत्येक नाव एकदाच राहील असं करा. ज्या खेळाडूबद्दल शंका असेल त्यावर ‘लास्ट’ चालवा. शेवटचा पत्ता आणि वेळ मिळते.

निघालेल्या यादीत तीन रकाने करा: उपद्रवी माणसाची नावं, नक्की दुसरीच माणसं, आणि सांगता येत नाही अशी. ‘नक्की दुसरीच’ ठरवताना खेळण्याची वेळ, टायपिंगची ढब, किती जुनं कॅरेक्टर आहे हे पाहा. पत्ता एक म्हणून माणूस एक, असं समजू नका. नवरा-बायको, दोन भाऊ, होस्टेलमधले खोलीसोबती एकाच राउटरवरून खेळतात, आणि मल्टिप्लेच्या (एकाच माणसाने अनेक कॅरेक्टर चालवण्याच्या) आरोपात सर्वांत आधी तेच भरडले जातात.

रुंदीही याच यादीवरून ठरवा. /२४ चा पट्टा म्हणजे २५६ पत्ते, /२२ म्हणजे १,०२४, /१६ म्हणजे ६५,५३६. आकडे ऐकून काही वाटत नाही, पण यादीत तीन ओळखीची नावं दिसली की हात आपोआप थांबतो. अख्खा एएस क्रमांक बंद करण्याचा सल्ला काही जण सहज देतात. जिओचा क्रमांक एएस ५५८३६ आहे आणि कंपनीचे ग्राहक ४० कोटींहून अधिक. तुमच्या मडमध्ये भारतातून एखादीच मुलगी फोनवरून खेळत असेल. त्या एका ओळीने ती जाईल, आणि पुढे येऊ शकणारा प्रत्येक जणही.

मजकुराच्या खेळांत अंध आणि अल्पदृष्टी खेळाडूंचं प्रमाण इतर ऑनलाइन खेळांपेक्षा बरंच जास्त असतं, कारण स्क्रीन रीडरला हा खेळ जसाच्या तसा वाचता येतो. त्यांना ‘दुसरा कुठला तरी खेळ’ इतका सहज मिळत नाही. यादी काढताना हे डोक्यात असू द्या.

तपासा: यादीतल्या प्रत्येक ‘दुसऱ्या’ माणसाशी खेळाबाहेर संपर्क होईल असा ईमेल तुमच्याकडे आहे का? नसेल तर आजच खेळात मेल टाकून मागून घ्या.

## ६. बंदीची जात निवडा

सर्कलमडमध्ये तीन जाती आहेत.

‘न्यू’: त्या पत्त्यावरून नवं कॅरेक्टर काढता येत नाही, जुने सगळे येतात. ‘सिलेक्ट’: ज्यांच्यावर ‘साइटओके’ची खूण आहे तेच जुने खेळाडू येतात. ‘ऑल’: कुणीच येत नाही आणि कुणाला काही संदेशही दिसत नाही.

रॉममध्ये हेच ‘न्यूबीज’, ‘परमिट’ आणि ‘ऑल’ या नावांनी आहे. रॉमची एक खोच मात्र लक्षात ठेवा: साधी ‘बॅन’ रीबूटनंतर उरत नाही, फाइलीत जाते ती ‘पर्मबॅन’. एव्हेनियातला ‘बॅन’ आयपीवर सरसकट लागतो. मधली जात हवी असेल तर ती तुम्हाला लिहावी लागते.

माझी शिफारस ठाम आहे: उपद्रवी माणूस नव्या कॅरेक्टरवरच परत येत असेल तर ‘न्यू’. दहापैकी आठ प्रकरणं इथेच संपतात. त्याची जुनी कॅरेक्टर फ्रीझ केलेली आहेत, नवी काढता येत नाहीत, मग तो येणार कशावर? ‘सिलेक्ट’ तेव्हा, जेव्हा तो चोरलेल्या किंवा आधीच साठवून ठेवलेल्या कॅरेक्टरवर येतोय. ‘ऑल’ फक्त कनेक्शनचा मारा करणाऱ्या पत्त्यांसाठी किंवा डेटा सेंटरसाठी.

अख्ख्या कंपनीवर ‘ऑल’ लावण्याचं योग्य कारण मला आजवर सापडलेलं नाही.

## ७. पत्ता लिहिताना होणाऱ्या चुका

सर्कलमड बंदी तपासताना तुम्ही दिलेली अक्षरं खेळाडूच्या पत्त्यात कुठेही सापडतात का एवढंच पाहतो. तुम्ही ‘३.०.११’ असं अर्धवट लिहिलंत तर २०३.०.११३.५ तर अडतोच, पण १९३.०.११.४० सुद्धा अडतो. म्हणून पट्टा लिहिताना पूर्ण सुरुवात द्या आणि शेवटी टिंब ठेवा: ‘२०३.०.११३.’ एकच पत्ता हवा असेल तर पूर्ण लिहा, आणि २०३.०.११३.५ लिहिल्यावर ५० ते ५९ हेही सापडणार हे धरून चाला. तेवढी चूक पत्करायची नसेल तर जुळणी करणारी कोडमधली ओळ बदलावी लागेल.

नावावर बंदी घालताना ‘डॉट नेट’ किंवा ‘केबल’ असा तुकडा देणाऱ्यांनी अर्धं जग अडवलेलं मी पाहिलं आहे.

रॉममध्ये पट्टा चांदणीने (*) लिहितात. सुरुवात किंवा शेवट मोकळा ठेवायचा असेल तिथे चांदणी द्या. एव्हेनियात ‘२०३.०.११३.*’ असं चालतं, तिरप्या रेघेची पद्धत चालत नाही.

आयपीव्ही६ चं, म्हणजे नव्या लांब पत्त्यांचं, गणित वेगळं. तिथे एकट्या पत्त्यावरची बंदी बिनकामाची असते, कारण घरातला संगणक खाजगीपणासाठी स्वतःच तात्पुरते पत्ते बनवतो आणि साधारण रोज बदलतो. एका घराला निदान /६४ चा पट्टा मिळतो, म्हणून बंदी /६४ वर घाला. तरी तो आला तर /५६ पर्यंत जा. त्यापुढे जाण्याआधी पाचवी पायरी पुन्हा करा. मूळ सर्कलमडला आयपीव्ही६ कळतच नाही. हा प्रश्न वेब प्रॉक्सी किंवा नव्या कोडबेसवर येतो.

## ८. लावण्याचा क्रम

क्रम उलटा झाला की निर्दोष माणसं काही तास तरी बाहेर राहतात. म्हणून असाच:

(१) पाचव्या पायरीतल्या ‘नक्की दुसरीच’ रकान्यातल्या प्रत्येकाला आधी ‘सेट फाइल नाव साइटओके ऑन’. रॉममध्ये ‘परमिट’. ही खूण ‘सिलेक्ट’साठी लागते, पण ‘न्यू’ लावतानाही देऊन ठेवा. उद्या बंदी कडक करावी लागली तर धावपळ होत नाही.

(२) उपद्रवी माणसाची सगळी ज्ञात कॅरेक्टर फ्रीझ करा.

(३) आता बंदी लावा.

(४) मग त्याचं चालू कनेक्शन तोडा: सर्कलमडमध्ये ‘डीसी’, एव्हेनियात ‘बूट’. बंदी आत बसलेल्याला उठवत नाही, ती फक्त पुढच्या प्रवेशाला लागते. कित्येक अ‍ॅडमिन बंदी लावून झोपायला जातात आणि तो पहाटेपर्यंत आतच असतो.

(५) नोंदवहीत लिहा: तारीख, पट्टा, जात, कारण एका ओळीत, कुणी लावली, आणि कधी उठवायची. सर्कलमडची यादी पट्टा, जात, तारीख आणि लावणाऱ्याचं नाव दाखवते. कारण आणि मुदत ती ठेवत नाही. दोन वर्षांनी त्या ओळीकडे पाहून कुणालाच काही आठवत नाही, आणि न आठवणारी बंदी काढायची हिंमतही कुणी करत नाही.

मुदत किती? घरगुती पत्ता ३० दिवस. मोबाइलचा पट्टा ‘न्यू’ प्रकाराने ७२ तास. डेटा सेंटर सहा महिने. हे माझे आकडे आहेत. तुमचे वेगळे असू द्या, पण असू द्या.

सावधान: बंदीची घोषणा सार्वजनिक चॅनेलवर करू नका, आणि कुणाचा आयपी पत्ता तर मुळीच सांगू नका. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ साली बदलता आयपी पत्ताही वैयक्तिक माहिती ठरू शकतो असा निकाल दिला आहे, आणि तुमचे काही खेळाडू तिथले असणारच. त्याच कारणाने जुने लॉग कायम साठवू नका.

## ९. लागली का, आणि फक्त त्यालाच लागली का

दोन चाचण्या, दोन्ही आवश्यक. पहिली: त्या पट्ट्यातून प्रयत्न झाल्यावर लॉगमध्ये नकाराची ओळ येते का? सर्कलमड ‘ऑल’ला ‘कनेक्शन अटेम्प्ट डिनाइड’ आणि ‘न्यू’ला ‘रिक्वेस्ट फॉर न्यू कॅर’ अशी ओळ लिहितो. दुसरी: साइटओके दिलेल्या एखाद्या खेळाडूला आत येऊन पाहायला सांगा.

पुढचे तीन दिवस रोज नकाराच्या ओळी वाचा. ‘सिलेक्ट’च्या नकारात कॅरेक्टरचं नावही येतं. तुमच्या यादीत नसलेलं जुनं नाव दिसलं तर त्याच दिवशी त्या माणसाला ईमेल करा.

खेळाच्या मुख्यपृष्ठावर एक ओळ कायम असू द्या: ‘आत येता येत नसेल तर या ईमेलवर लिहा, दोन दिवसांत उत्तर मिळेल.’ ईमेल अशा ठिकाणी हवा जे खेळाचा सर्व्हर बंद असला तरी दिसतं.

## १०. फायरवॉल केव्हा?

कुणी सेकंदाला पन्नास कनेक्शनं उघडत असेल तरच. खेळातली बंदी कनेक्शन स्वीकारल्यावर तपासली जाते, त्यामुळे माऱ्यात सर्व्हरचा वेळ खर्च होतोच. अशा वेळी एनएफटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) त्या पट्ट्यांचा संच करा आणि फक्त खेळाचा पोर्ट, उदाहरणार्थ ४०००, अडवा. सगळे पोर्ट अडवलेत आणि तो पट्टा चुकून तुमच्याच कंपनीचा निघाला, तर तुम्हीच एसएसएचबाहेर, म्हणजे सर्व्हरवर दुरून शिरण्याची वाटच बंद. नियम लावण्याआधीच, पाच मिनिटांनी तो आपोआप काढणारं काम लिनक्सच्या ‘अ‍ॅट’मध्ये टाकून ठेवा, सगळं ठीक दिसलं की ते रद्द करा.

नियम रीबूटनंतर टिकतो का हेही पाहा. आणि फायरवॉलमधल्या नोंदी त्याच नोंदवहीत, त्याच मुदतीसह लिहा, कारण खेळातून ‘बॅन’ची यादी पाहणाऱ्या दुसऱ्या अ‍ॅडमिनला त्या कधीच दिसत नाहीत.

## ११. कंपनीला लिहायचं तर

हू-इजमध्ये मिळालेल्या तक्रारीच्या ईमेलवर लिहा. खेळातल्या भांडणाबद्दल लिहू नका. ‘तो इतरांना मारून वस्तू चोरतो’ यावर कुठलीही कंपनी हलणार नाही. कनेक्शनचा मारा, खाती फोडण्याचे प्रयत्न, धमक्या, यांवर हलू शकते. मजकूर दहा ओळींच्या आत: पत्ता, सोर्स पोर्ट, यूटीसीत वेळ, तुमच्या सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट, काय घडलं ते दोन वाक्यांत, आणि लॉगच्या मोजक्या ओळी साध्या मजकुरात. स्क्रीनशॉट नकोत, ते शोधता येत नाहीत. ग्राहकाचं नाव मागू नका. ते तुम्हाला मिळणार नाही, मिळायलाही नको.

उत्तर आलं नाही तरी नोंदवहीत तारीख लिहा. पुढच्या वेळी पोलिसांकडे जावं लागलं तर ती उपयोगी पडते.

## १२. उठवणं

मुदत संपली त्या दिवशी बंदी उठवा, माणूस सुधारला का याचा विचार करत बसू नका. पत्ता एव्हाना दुसऱ्याच घरी गेलेला असण्याची शक्यता मोठी आहे. जात बदलायची असेल तरी सर्कलमडमध्ये आधी ‘अनबॅन’ करून मगच नव्या जातीने लावावी लागते; एकावर दुसरी लागत नाही.

पहिल्यांदा नोंदवही सुरू करणाऱ्यांनी आज एक काम करा. ‘बॅन’ एकटंच टाइप करून जुनी यादी काढा. ज्या ओळीचं कारण हजर असलेल्या एकाही अ‍ॅडमिनला सांगता येत नाही, ती शांत दिवशी, कुणीतरी जागं असताना, दिवसाला एक अशी उठवा आणि आठवडाभर नव्या खेळाडूंच्या ओळी पाहत राहा. आमच्या यादीत अशा चौदा ओळी होत्या. चौदाही उठवल्या. त्यांतल्या दोन पट्ट्यांतून नंतर नवे खेळाडू आले आणि टिकले. गोंधळ एकीतूनही आला नाही.